अँटॉप हिलचे कंदील

चि. इरा आणि चि. नील,

गेल्या रविवारी फोनवर इरा सांगत होती की शाळेच्या सहलीत तिने बियांची बँक पाहिली. बर्फासारख्या थंडगार खोलीत काचेच्या नळ्यांतून जगातल्या दुर्मिळ झाडांच्या बिया ठेवलेल्या. "आजी, तुला हे माहीतच नसेल!" मी "अगं बाई, हो का?" एवढंच म्हटलं. फोनवर याहून जास्त सांगता आलं नसतं. खरं म्हणजे अशी एक बँक मी पाहिली होती. तुमच्या बाबांचा जन्मही झाला नव्हता तेव्हा. गिरगावातल्या एका वाडीत, दुसऱ्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या फडताळात ती होती.

ती चालवणाऱ्या बाईंबद्दल मी तुमच्या बाबांनाही कधी नीट सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी लिहून टाकते. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण बाई माझ्या कानात मराठीतच बोलतात. बाबांकडून वाचून घ्या. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगितलेलं बरं.

मी बी.एस्सी. झाले आणि दक्षिण मुंबईतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. तेव्हा आपल्या शहरात संयुक्त महाराष्ट्राची चळवळ चालू होती. मराठी माणसांचं एक राज्य व्हावं आणि मुंबई त्यातच असावी, ही मागणी. मोर्चे, हरताळ, भिंतींवर घोषणा. प्रयोगशाळेतही तेच बोलणं. फक्त मिस मनोरमा त्रिलोकेकर, आमच्या वरिष्ठ बाई, या सगळ्यात कधी भाग घेत नसत. त्यांचं राज्य वेगळं होतं.

बाई पाठारे प्रभू घराण्यातल्या, पिढ्यान्‌पिढ्या गिरगावात राहिलेल्या. पंचेचाळिशी ओलांडलेली, लग्न केलेलं नाही. इस्त्रीच्या पांढऱ्या सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट. हातात वडिलांची मोठी काळी छत्री, बारा महिने. डब्यात रोज मासे असत आणि ते त्या मायक्रोस्कोपच्या टेबलावरच खात. कोळंबीचा वास आला की मुलं म्हणत, बाई प्रॅक्टिकल घ्यायच्या मूडमध्ये आहेत.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांना खूश करायला माथेरानहून आणलेलं जांभळ्या फुलांचं रोपटं दाखवलं. "बाई, बघा ना किती सुंदर आहे!"

"जिवंत आहे का?"

"अं... मुळासकट आणलंय, पण पाणी..."

"मग मेलेलं आहे. आणि ते तू मारलंस. सुंदर आहे का, ते नंतर बघू."

मी रडवेली झाले, तेव्हा त्यांनी डब्यातली एक कोळंबी झाकणावर ठेवून माझ्याकडे सरकवली. म्हणाल्या, "खा. अजून शिकशील."

प्रयोगशाळेत दुसरे डेमॉन्स्ट्रेटर होते साळवे. परळच्या एका चाळीतून शिकून वर आलेले, तडफदार, मोर्चात सर्वांत पुढे. त्यांच्या घरच्यांनी पुढे बौद्ध धर्म स्वीकारला आणि घरातले गंडेदोरे, देव्हारे सगळे बाहेर काढले. साळवे बाईंना चिडवायची एक संधी सोडत नसत.

"बाई, मुंबई कुणाची ते आधी ठरू द्या. तुमच्या टेकडीचं मग बघू."

"तोवर टेकडी थांबते का, तेवढं तिला विचारून या, साळवे."

ही टेकडी म्हणजे अँटॉप हिल. आज तुम्ही गेलात तर तिथे फक्त इमारती दिसतील. तेव्हा तो काळ्या कातळाचा, गवताळ, उघडा डोंगर होता. एका बाजूला मिठागरं, पायथ्याशी पत्र्याच्या खोपट्यांची वस्ती. श्रावण लागल्यापासून शेंगा पिकेपर्यंत दर रविवारी सकाळी बाई ट्रामने दादरला जात, तिथून बसने पुढे आणि उरलेलं चालत. बहुतेक वेळा मी आणि साळवे बरोबर असू. कातळाच्या एका उतारावर, भेगांमधल्या बोटभर मातीत, पावसाळ्यात एक नाजूक झाड उगवत असे. गवताच्या पात्यासारखी पानं आणि भाद्रपदात एकेक फूल. फूल म्हणजे छोटा आकाशकंदीलच. खाली फुगीर, वर निमुळती नळी, टोकाला पाच पाकळ्या एकमेकींना चिकटून झालेली जाळी. या घराण्यातल्या बऱ्याच झाडांना कंदीलपुष्प म्हणतात. पण ही जात बाईंना दुसरीकडे कुठेच मिळाली नव्हती. सह्याद्री पालथा घालून झाला होता. होती ती त्या एका उतारावर.

तिथे पोचलं की बाई गुडघ्यांवर बसत आणि एकेक झाड तपासत. फूल आलं का, कीड लागली का, शेंग धरली का. तासन्‌तास. आम्ही छत्रीच्या सावलीत आलटूनपालटून उभे राहत असू. "साधारण बरीच आहेत," असं साळवे एकदा म्हणाले तर बाईंनी त्यांना उतारावरून पुन्हा खाली पाठवून सुरुवातीपासून मोजायला लावलं.

पायथ्याच्या वस्तीत शेवंता नावाची मालवणी बाई राहायची. नवरा कॉटन ग्रीनच्या गोदामात हमाल आणि ही गणपतीच्या दिवसांत डोंगरावरची पत्री खुडून दादरला विकायची. ती आम्हाला पहिल्यांदा बघून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "काय गो बाय, सोनां पुरलांहा काय हय? दर आयताराक येतंस ता!"

"सोनं नाही. झाडं बघते."

"झाडां बघूक ट्रामीन येतंस? घरात काम नाय तुका?"

बाई हसल्या. फार क्वचित हसत.

शेंगा कार्तिकात पिकत. जोडीने येणाऱ्या, शिंगांसारख्या. त्या पिवळ्या पडल्या की दोन-चार दिवसांत उकलतात आणि आतल्या बिया रेशमी शेपटीनिशी वाऱ्यावर उडून जातात. त्या उकलण्याच्या आदल्या दिवशी पकडायच्या. तेही सगळ्या नाही. थोड्या घ्यायच्या, बाकीच्या डोंगराच्या. हा बाईंचा नियम. घेतलेल्या बिया घरी सावलीत वाळवून लहान काचेच्या बाटल्यांत भरायच्या. तळाशी फडक्यात बांधलेली चुन्याची कळी, म्हणजे ओल शोषली जाईल. बुचावर मेण. त्या एका कंदीलपुष्पाचीच नव्हे, मुंबईच्या टेकड्यांवरून नाहीशा होत असलेल्या कितीतरी झाडांची अशी बाटली फडताळात होती. दरवर्षी पावसाळा सरला की प्रत्येक बाटलीतल्या थोड्या बिया बशीत ओल्या टीपकागदावर ठेवून, उगवतात का, ते बघायचं.

घरात त्यांचे थोरले बंधू होते. म्युनिसिपालिटीतून निवृत्त झालेले हेडक्लार्क. त्यांना सगळे दादा म्हणत. पहिल्यांदा गेले तेव्हा दादांनी मला फडताळ उघडून दाखवलं.

"बघून घे. लोकांच्या घरी लोणच्याच्या बरण्या. आमच्या घरी गवत मुरवतात. आणि बश्या तर विचारूच नकोस! मागच्या आठवड्यात जावईबापूंना चहा द्यायला बशी नाही. का, तर तिच्यात गवत उगवतंय."

"दादा, उगवलं की नाही ते सांगा," बाई आतून ओरडल्या.

"उगवलंय गो उगवलंय! जावयाचं तोंड मात्र सुकलं."

तेव्हा त्या बशीतल्या जवळजवळ सगळ्या बिया रुजल्या होत्या. बाईंनी मला भिंग दिलं. कापसाच्या धाग्याएवढी पांढरी मुळं. मी "सुंदर" म्हणणार होते, पण म्हणाले, "जिवंत आहेत." बाईंनी मान हलवली. त्या कामातला सुखाचा म्हणावा असा मला आठवणारा दिवस तेवढाच.

पुढच्या कार्तिकात शेंगा पिवळ्या पडल्या आणि त्याच दिवसांत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. शहर पेटलं. ट्राम बंद, दुकानं बंद, गिरगावात जागोजागी पोलीस. दादांनी दाराला कडी घातली. नंतर त्यांनीच मला सांगितलं की मनू, म्हणजे बाई, दोनदा निघाली होती. पहिल्यांदा वाडीच्या तोंडाशीच शेजाऱ्यांनी परत आणली. दुसऱ्यांदा लालबागपर्यंत चालत पोचली. तिथे पोलिसाने काठी आडवी धरून विचारलं, कुठे निघालात? तर म्हणे, "शेंगा उकलताहेत." त्याने तिला वेडी समजून एका घराच्या ओट्यावर बसवून ठेवलं आणि रस्ता शांत झाल्यावर माघारी धाडलं.

साळवे त्या दिवसांत मोर्चातच होते. त्यांच्या चाळीतला एक तरुण त्या गोळीबारात गेला. ते कामावर परत आले तेव्हा बाईंनी त्यांना टेकडीबद्दल चकार शब्द विचारला नाही. स्वतःचा डबा त्यांच्यापुढे ठेवला आणि त्या तासाचं प्रॅक्टिकल स्वतः घेतलं.

रस्ते खुले झाल्यावर आम्ही गेलो तेव्हा शेंगा उकलून कोरड्या झाल्या होत्या. सुक्या गवतात कुठे कुठे रेशमी शेपट्या अडकलेल्या होत्या, बियांवाचून. त्या वर्षी बाटलीत नवं काही पडलं नाही.

यानंतर बाई घाबरल्या असाव्यात. पावसाळा संपला की हे झाड जमिनीवर पूर्ण मरतं, आत कंद तेवढा राहतो. पुढच्या वर्षी नेमकं तेच झाड परत आलं की नाही, हे कळायला खूण लागते. आधी बाई कातळावर चुन्याचे ठिपके देत, पण ते पावसात धुपून जात. पुढच्या पावसाळ्यात झाडं वर आली तशी, यंदा एकही नजरेतून सुटता कामा नये, म्हणून त्यांनी आईच्या जुन्या लाल लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि प्रत्येक झाडाशी एक काटकी रोवून तिला एकेक चिंधी बांधली. लाल अशासाठी की हिरव्या गवतात लांबूनही दिसेल. आम्ही तिघांनी मिळून बांधल्या. आम्ही तिघं विज्ञान शिकलेले. तिघांनाही लाल म्हणजे हिरव्यात उठून दिसणारा रंग, एवढंच सुचलं.

त्याच्या पुढच्या श्रावणात आम्ही उतारावर चढलो तेव्हा चिंध्या नव्हत्या. काटक्याही नव्हत्या. जिथे जिथे खूण होती तिथे तिथे विताएवढा खड्डा होता, आत पावसाचं पाणी साठलेलं. खूण सुटलेलं एकही झाड नव्हतं, कारण बाईंनी एकही सोडलं नव्हतं.

बाई एका खड्ड्यातून दुसऱ्याकडे गेल्या. सगळे पाहून झाले तेव्हा त्या खाली वस्तीकडे चालू लागल्या. आम्ही मागोमाग.

शेवंता दारात पत्रीच्या जुड्या बांधत होती. तिच्या दारावर लाल फडक्यात गुंडाळलेला, हळद लावलेला एक कंद टांगलेला होता. सुकून सुपारी झालेला. शेजारच्या दारावरही तसाच. पलीकडच्याही.

"शेवंता, हे कुणी काढलं?" बाईंचा आवाज अगदी हळू होता.

"आख्ख्या वस्तीन न्हेल्यान गो बाय. माका मेलीक उशीर झालो, दोनच गावले."

"पण का?"

शेवंताला प्रश्नच कळेना. "का म्हंजे? तूच दाखवलंस मा! शिकलेली बाय, येवढ्या लांबसून येतंस, गुडघे टेकून बसतंस, वर लाल फडको बांधतंस. फुकट कोण बांधता? आमका वाटला, देवाचा मूळ आसतला."

साळवे उसळले. "देवाचं मूळ! अहो, खुणेच्या चिंध्या होत्या त्या! बाई, हे गंडेदोरे आम्ही आत्ता कुठे तोडून फेकले आणि तुमच्याच हाताने..."

बाईंनी विचारलं, "दुसरा कुठे आहे?"

शेवंताने आत हाक मारली. तिची सून बाहेर आली. पोट दिसत होतं. कमरेला लाल दोऱ्यात बांधलेला कंद. हा त्याच आठवड्यात खणलेला असावा. टणक, ओलसर, एका बाजूने बारीक हिरवा कोंभ.

"आधीची दोन गेली तिची," शेवंता म्हणाली. "ह्या बांदल्यापासून खाता-पिता, झोपता. काढू काय? तू म्हणशीत तर काढतंय. मूळ तुझाच आसा."

सुनेने कंदावर हात ठेवला. बाई त्या कोंभाकडे बघत होत्या. तो एक कंद मिळाला असता तर कुंडीत लावता आला असता, फूल आलं असतं, कदाचित शेंगही. साळवे घाईने म्हणाले, "बाई, घ्या तो. तिला मी समजावतो. हॉस्पिटलात नाव घालून देतो तिचं, परळला माझ्या ओळखी आहेत."

"नाव घाला, साळवे. नक्की घाला." बाईंनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "कंद राहू दे तुझ्याकडे."

परतताना साळव्यांनी बसमध्ये भांडण काढलं. "तुम्हाला तिला सत्य सांगायला हवं होतं."

"काय सांगू? यात काही नाही म्हणून? दोन वर्षं तिच्या डोळ्यांदेखत मी त्याच्यासमोर गुडघे टेकले. आता ते मूळ काढून घेतलं आणि तिचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर ती काय समजेल?"

"आणि झाड?"

बाईंनी कंडक्टरला हाक मारून तिघांची तिकिटं काढली.

वस्तीत दारोदार मागून मिळालेले बाकीचे, सुकत आलेले कंद त्यांनी गॅलरीत डालडाच्या डब्यांत, कातळाचे तुकडे घालून लावले. सगळे कुजले. दिवाळीनंतरच्या एका रविवारी शेवंता टेकडीच्या वाटेवर साखर घेऊन उभी होती. सुनेला मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. साळव्यांनी नाव घातलेल्या हॉस्पिटलातच झाली, पण त्याचं शेवंताला काही नव्हतं. "मूळ लागू पडला गो बाय!" बाईंनी साखर तोंडात टाकली, बाळाचं नाव विचारलं. वर चढताना मला म्हणाल्या, "आता सगळा डोंगर खणतील." आणि तसंच झालं. पुढच्या दोन पावसाळ्यांत जे त्या झाडाचे कंद नव्हते तेही लोकांनी उपटले.

उरली ती फडताळातली बाटली. चुना बदलण्यापलीकडे बाई तिला दोन वर्षं हात लावेनात. उगवतात का ते बघायचं तर बिया खर्ची पडणार, आणि आता एकेक बी मोलाचं. मग महाराष्ट्र झाला, मुंबईसकट. गिरगावात घरोघरी दिवे लागले, दादांनी गॅलरीत कंदील टांगला, साळवे पेढे घेऊन आले आणि बाईंच्या पाया पडले. बाईंनी त्यांना पोटाशी धरलं. "झालं एकदाचं तुमचं," म्हणाल्या. त्यात जराही कडवटपणा नव्हता. साळव्यांच्याच डोळ्यांत पाणी आलं.

त्या पावसाळ्यात त्यांनी मला बोलावलं आणि मेण फोडलं. थोड्या बिया टीपकागदावर मांडल्या. आठवडा गेला, काही नाही. आणखी थोड्या. मग त्यांनी बाटली बशीत पूर्ण उपडी केली. मी रोज कॉलेजातून जात असे. दादा त्या दिवसांत बशीची चेष्टा करत नव्हते. येणाऱ्या-जाणाऱ्याला आपण होऊन पेल्यात चहा देत. दरवर्षी चुना बदलला होता, मेण नीट होतं, बाईंकडून काहीच कमी पडलं नव्हतं. पण ते मुंबईचं दमट स्वयंपाकघर होतं, इराने पाहिलेली बर्फाची खोली नव्हे. शेवटी बाईंनी चिमट्याने एक बी दाबलं. ते आतून मऊ, करडं होतं. दुसरं दाबलं. तिसरं दाबलं नाही.

"मेलं," म्हणाल्या, आणि बशी धुवायला घेतली.

माझं लग्न झालं आणि मी माटुंग्याला राहायला गेले. काही वर्षांनी एका रविवारी सकाळी मी तुमच्या बाबांना कडेवर घेऊन अँटॉप हिलला एका मैत्रिणीकडे निघाले होते. सरकारी वसाहत उठली होती, उतार फोडून त्यावर दगडी बंधारा घातला होता. बंधाऱ्याच्या पायथ्याशी, जिथे कातळाची एक पट्टी तेवढी शिल्लक होती, तिथे पांढऱ्या साडीतली एक म्हातारी गुडघ्यांवर बसलेली दिसली. मी हाक मारली. बाईंनी वर पाहिलं, ओळखलं, पण पट्टी संपेपर्यंत उठल्या नाहीत. मग छत्रीवर भार देऊन उभ्या राहिल्या.

"बाई, अजून येता?"

"दर भाद्रपदात."

"आहे का काही?"

"नाही." त्यांनी गुडघ्यांची माती झटकली. "पण नाही, हेसुद्धा कुणीतरी जाऊन बघावं लागतं ना, कुसुम. घरी बसून कसं म्हणायचं?"

त्यांनी तुमच्या बाबांच्या गालाला बोट लावलं आणि माझ्या पुढून बसच्या थांब्याकडे निघून गेल्या. बस आली. त्या चढल्या. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पुढल्या वर्षी त्या गेल्या. दादा आधीच गेले होते. खोली पुतण्याकडे आली आणि फडताळातल्या बाटल्या रिकाम्या करून बाटलीवाल्याला दिल्या गेल्या.

इरा, तू विचारशील म्हणून लिहिते. मी गेल्या वर्षी कॉलेजात जाऊन आले. वनस्पतींच्या कपाटात, जाड कागदावर टाक्यांनी शिवलेलं, त्या जातीचं एक वाळलेलं झाड आहे. कंद, पानं, एक फूल आणि एक न उकललेली शेंग. फुलाचा रंग गेला आहे. खाली जागेचं नाव बाईंच्या अक्षरात आहे. त्या झाडाचं याखेरीज जगात कुठे काही असल्याचं मला माहीत नाही.

तुमची आजी